लोणी काळभोरला अडकलेली कॅसेट

निकिता सोहोनीनं आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या तरुणाची वाट अडवली, ती नारायण पेठेतल्या एका अंधाऱ्या जिन्यात. आणि तीही काही प्रेमाबिमानं नव्हे, तो भंगारवाला आहे अशी खात्री पटल्यामुळे.

जिना असा, की वर जाणारा आणि खाली येणारा समोरासमोर आले की एकानं भिंतीला पाठ टेकून पोट आत ओढायचं. निकिता वर चढत होती, तो खाली उतरत होता. त्याच्या काखेत टाइपरायटरसारख्या बटणांचा एक राखाडी, चपटा डबा होता आणि डब्याची वायर पायऱ्यांवर आपटत त्याच्या मागून येत होती. तो डबा दिसला आणि निकिताच्या काळजात चर्र झालं.

"ठेवा ते खाली."

"काय?"

"ते काखेतलं. कितीला घेतलंत काकूंकडून?"

"घेतलं नाही हो… तसंच दिलं त्यांनी."

"तसंच! वा! माणूस जाऊन वर्ष होत नाही तोवर त्याची वस्तू तशीच उचलायची. आणि आता मोडून तांबं काढणार असाल यातलं!"

त्याच्या खिशात टेस्टर होता, हातावर सोल्डरिंगचा जुना डाग होता, आणि डोळे हसत होते… तोंड मात्र अगदी सभ्यपणे मिटलेलं.

"मॅडम," तो म्हणाला, "दुरुस्तीला नेतोय. वर विचारून या. पण आधी वर चढा, नाहीतर खाली उतरा. अशा मधेच उभ्या राहिलात तर आपण दोघंही इथंच राहू."

निकिता वरही चढली नाही आणि खालीही उतरली नाही. का, ते तिला तेव्हाही कळलं नाही. पुढचे दोन आठवडे तिला बऱ्याच गोष्टी कळल्या नाहीत. ही त्यातली पहिली.

"अरे संभाजी, गेला का नाही तू?" वरून आवाज आला. "कोण बोलून राहिलं जिन्यात? निकिता आली का? घेऊन ये तिला वर, चहा टाकते!"

भंगारवाल्याला कुणी नावानं हाक मारून चहाला बोलवत नाही, एवढं निकिताला समजलं. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि पोट आत ओढलं. तो काही पुढं गेला नाही. मागं वळला आणि तिच्या पुढं वर चढू लागला.

आता सरांबद्दल सांगायला हवं, कारण ते नसते तर हा जिनाही नसता आणि ही गोष्टही नसती.

ज्ञानदेव वैरागडे सर मूळचे वर्ध्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि नारायण पेठेतल्या दोन खोल्यांपैकी मागच्या खोलीत त्यांनी घरात वापरायचा कॉम्प्युटर बनवला. कधी? जेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एखाद्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून, हात मागं बांधून बघायची वस्तू होती, तेव्हा. सरांचा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडायचा. त्याचं नाव 'सवंगडी'. लाईट गेली की सवंगडीला काही म्हणजे काही आठवत नसे. जे काय आठवायचं ते साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटनं. ती कॅसेट चुकून गाण्यासारखी लावली तर शेपटी दारात सापडलेल्या मांजरीसारखी किंचाळायची. टेप बिघडतो म्हणून घरोघरचे वडील ओरडायचे.

आणि सरांचा एक हट्ट होता. सवंगडी घेणाऱ्या प्रत्येक घराला ते एक दुसरं घर जोडून द्यायचे. पोरगं डब्यासमोर एकटं बसता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. एका पोरानं कॅसेटवर काहीतरी करून पाठवायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालून परत पाठवायचं. रविवारी सर स्वतः स्कूटरवरून या कॅसेटी पोचवत हिंडायचे. कोथरूडच्या निकिता सोहोनीला जोडीदार मिळाली लोणी काळभोरची. शैला काळभोर. दोघींनी मिळून एक भूलभुलैया बांधायला घेतला. एक खोली हिची, एक खोली तिची, प्रत्येक खोलीला आत यायचं एक दार आणि बाहेर जायचं एक. निकितानं एक अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवून सगळ्यात सुंदर खोली केली, कॅसेट लोणीला पाठवली… आणि ती कॅसेट काही परत आली नाही.

पुढं एक्क्याण्णव साल आलं, बाहेरच्या मालाला दारं उघडली, चकाचक मशिनं आली. सवंगडी माळ्यावर गेले. सरांनी कुरकुर केली नाही. क्लासमध्ये शिकवू लागले, त्यांच्या हाताखालची मुलं पार न्यू जर्सीपर्यंत पोचली, आणि मागच्या फेब्रुवारीत सर गेले. आता पहिला स्मृतिदिन होता. फोटोखाली एक सवंगडी चालू स्थितीत ठेवायचा, एवढी एकच इच्छा कौशल्याकाकूंनी बोलून दाखवली होती. पेपरातलं निवेदन वाचून मदतीला आली ती निकिता. आणि तो…

"हा पण ह्यांचाच विद्यार्थी," काकू चहा ओतत म्हणाल्या. "भोसरीले इंजिनिअर आहे. पॅनेल का काय बनवते."

"सॉरी हं," निकिता म्हणाली. "मी तुम्हाला… जाऊ दे. माझा एकूणच या सवंगडीच्या बाबतीत डोकं फिरायचा इतिहास आहे. लोणीच्या एका मुलीनं माझी कॅसेट गिळली. शैला काळभोर तिचं नाव. आजही समोर आली ना, तर पहिल्यांदा दोन कानाखाली वाजवीन आणि मग नमस्कार वगैरे."

संभाजीला चहाचा ठसका लागला. नाकातोंडातून चहा आला, कान लालबुंद झाले.

"ओळखता तुम्ही तिला?"

"हो… म्हणजे… चांगली ओळखतो," तो बशीत बघत म्हणाला.

"आणि तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"मी निघतो. डब्यातली एक आयसी जळलीय, नवी मिळते का बघतो," असं म्हणून तो डबा घेऊन उठलाच.

आता तुम्हाआम्हाला कळायचं ते कळलं. पण निकिता पडली सॉफ्टवेअरवाली. दोन हजार साल उजाडल्यावर जगातल्या बँका बंद पडू नयेत म्हणून ती रोज शेकडो ओळींमधल्या चुका पकडायची. समोर बसलेल्या माणसाचे कान का लाल झाले, ते तिला पकडता आलं नाही. तिनं आपला हिशोब मांडला, की शैलाचं नाव निघालं आणि हा लाजला. म्हणजे झालं!

झालं तर झालं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून ती घरी गेली. आणि जेवताना आमटीत दोनदा मीठ घातलं.

त्यानंतर ते दोघं रोज संध्याकाळी काकूंकडे जमू लागले. तो भोसरीहून कंपनीच्या बसनं यायचा, ती कोथरूडहून कायनेटिक होंडावरून. तो डबा उघडून बसायचा, ती प्रोग्रॅम आठवून आठवून टाइप करायची. एकदा तो लोणीहून येताना हरभऱ्याच्या टहाळ्यांची जुडीच घेऊन आला. मधे वर्तमानपत्र पसरलं, तिघंही घाटे सोलत बसली. हिरवट आंबूस वास खोलीभर झाला. एकाच घाट्यावर दोघांची बोटं गेली की तो म्हणायचा, "घ्या, तुमचाच," आणि ती म्हणायची, "नको, तुमच्या शेतातला आहे," आणि तो घाटा शेवटी काकू खायच्या.

"तुम्ही शहरातल्या लोकांनी मधेच सोडलं म्हणून हे मशीन मेलं," तो चिडवायचा.

"आम्ही सोडलं? लोणीवाल्यांनी गिळलं! विचारा तुमच्या शैलाला."

आणि त्याचे कान लाल. दर वेळी, न चुकता.

एके दिवशी टीव्हीवर मुंग्या जाऊन निळसर उजेड आला आणि सवंगडीचं जुनं वाक्य उमटलं — 'बोल गड्या.' निकितानं टाळ्या वाजवल्या. संभाजी तिच्याकडे बघत राहिला, टीव्हीकडे बघायचं विसरून. तिनं ते पाहिलं. त्यानं तिनं पाहिलेलं पाहिलं. मग दोघंही एकदम टेपरेकॉर्डरच्या वायरीला हात घालायला गेले.

"कॅसेट वाजतेय का बघू," ती घाईनं म्हणाली. "सर काय करायचे आठवतंय? कॅसेट सवंगडीत चढली नाही की रेकॉर्डरची पिन काढायची, म्हणजे आवाज बाहेर येतो, आणि कानानं ऐकायचं. किंचाळली तर कॅसेट चांगली. गप्प बसली तर मेली."

"माणसांचं उलटं असतं," तो म्हणाला. "गप्प बसलेल्यांच्याच पोटात जास्त असतं."

"मग बोलावं की अशांनी!"

"बोलायचं हाय… आहे. पण कानाखाली खायची तयारी होत नाही."

याचा अर्थ काय लावायचा? निकितानं रात्रभर लावला आणि तीन वेगवेगळे लागले. ह्याला आपण आवडतो. ह्याला शैला आवडते आणि ते आपल्याला सांगायचं धाडस नाही. ह्याला दोघी आवडतात, आणि तसं असेल तर खरंच कानाखाली वाजवायला हवी.

काकू मात्र त्या दिवशी टीव्हीसमोर बसून राहिल्या. फोटोकडे बघत म्हणाल्या, "आयुष्यभर कॅसेटाच भरल्या या माणसानं. घरात तीनशे असतील. पण स्वतःचा आवाज एकाही कॅसेटीत नाही भरला. लावली की नुसती किरकिर. मले ना, आता त्यांचा आवाज नीट आठवत नाही पोरी. चेहरा आठवते. आवाजच नाही येत."

संभाजीनं उठून काकूंच्या कपात चहा ओतला.

याच गडबडीत ऑफिसात साहेबांनी निकिताला बोलावलं. न्यू जर्सी, दोन वर्षं. हो की नाही ते पुढच्या शुक्रवारी सांगायचं. मैत्रिणींनी पार्टी मागितली. आई, म्हणजे सरोजिनीबाई, पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "जा की. विचार कसला करतेस? इथे काय ठेवलंय?"

"इथे काय ठेवलंय तेच कळत नाहीये ना, आई!"

आईनं लाटणं थांबवलं, लेकीकडे नीट पाहिलं आणि पुन्हा लाटायला लागली. पुण्याच्या आया अशा वेळी फार बोलत नाहीत, पण पोळी करपते.

बुधवारी संध्याकाळी काम संपलं. दुसऱ्या दिवशी सभा होती. काकू देवाला फुलं आणायला खाली गेल्या होत्या. निकितानं वायर गुंडाळता गुंडाळता विषय काढला.

"मला अमेरिकेला पाठवतायत. परवा सांगायचंय. जाऊ का?"

संभाजीच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो टेबलाखाली गेला आणि जरा जास्तच वेळ तिथं राहिला.

"जा की," टेबलाखालून आवाज आला. "चांगली संधी आहे."

"बस? एवढंच?"

"मी कोण तुम्हाला नको म्हणणार?"

"बरोबर आहे. तुम्ही कोण!" तिनं वायरीला हिसका दिला. "तुम्ही शैलाला सांभाळा. तिचं नाव काढलं की एवढे लाजता, तर लग्न कधी करताय ते तरी सांगा. अक्षता टाकून मग जाते."

तो टेबलाखालून एकदम बाहेर आला. डोकं टेबलाला आपटलं. डोकं चोळत तो तिच्याकडे असा बघत राहिला, की जणू ती कानडीत बोलली होती.

"लग्न? शैलाशी? माझं?" तो म्हणाला. मग तोंड उघडलं, मिटलं. "उद्या ती येणार आहे. तुमची कॅसेट सापडली तिच्या पेटीत. उद्या सगळं कळेल तुम्हाला. मग काय वाजवायचं ते वाजवा."

आणि जिना उतरून गेला. निकिता जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि चक्क रडली. आपण का रडतोय तेही धड कळेना, म्हणून आणखी रडली.

गुरुवारी सकाळी शेजारच्या शाळेचा हॉल भरला. गुरुवार का, तर सरांचे निम्मे विद्यार्थी भोसरीला, आणि भोसरीला सुट्टी गुरुवारची. आता भोसरीला सुट्टी गुरुवारची का, तर गुरुवारी भोसरीपासून पेठांपर्यंत लाईट नसते! सुट्टीचा विचार सगळ्यांनी केला, सुट्टीच्या कारणाचा एकानंही नाही. असले हुशार लोक पुण्यातच मिळतात. टेबल मांडलं, फोटोला हार घातला, प्रत्येकाच्या हातात वाहायला झेंडूच्या पाकळ्या दिल्या, वक्ते माईकसमोर उभे राहिले, "आदरणीय" म्हणाले आणि लाईट गेली. पंखे हळूहळू थांबले.

"सरांना ठाऊक होतं," संभाजी म्हणाला. "सवंगडीला स्कूटरच्या बॅटरीवर चालायची सोय आहे. आणि हा छोटा टीव्हीही बॅटरीवर चालतो. टेपरेकॉर्डर तर सेलवरच आहे. बॅटरी पाहिजे फक्त."

निकितानं त्याच्याकडे न बघता कायनेटिकची किल्ली पुढं केली.

तो बॅटरी काढून आणेपर्यंत हॉलच्या दारातून एक बाई आल्या. ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत पिशव्या, मागं दोन मुलं.

"संभ्या!" अख्ख्या हॉलनं माना वळवल्या. "अरं कुठंय ती निकिता? हीच का? बाई माझे! चौदा वर्सं ह्यो तुझ्या नावानं घाबरतोय!"

"आपण…?" निकितानं विचारलं.

"मी शैला. आता हडपसरची. ह्याची थोरली बहीण. आणि हे बघ, पयलंच सांगते, मला त्या डब्यातलं काय बी कळत नव्हतं. मी दहावी पास झाले म्हणून आबांनी माझ्या नावावर घेतला, आन् रातंदिस बसायचा ह्यो. खोल्या बी ह्योच बांधायचा. माझ्या लग्नाच्या गडबडीत कॅसेट हरवली, तर भ्यायला. मला म्हनला, अक्का, पुण्याची पोरगी मारंल."

निकिता हळूहळू वळली. संभाजी बॅटरी छातीशी धरून उभा होता. कान लाल.

"काळभोर?"

"हो."

"म्हणजे जोडीदार…"

"मीच."

"दोन आठवडे माझ्यासमोर बसून हरभरे खाल्लेत!"

"रोज सांगणार होतो. पण पहिल्याच दिवशी तुम्ही कानाखाली म्हणालात. नंतर मग… तुम्ही उठून गेला असता तर? ते नको होतं मला."

निकिताच्या डोक्यात दोन आठवड्यांचे सगळे लाल कान एकापाठोपाठ एक नव्यानं उलगडायला लागले. राग यायला हवा होता. त्याऐवजी काल रडलेलं आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. आणि छातीत काहीतरी उड्या मारू लागलं. आणि तरीही, काल तो "जा की" म्हणालाच होता ना?

"लावा पोरांनो," काकू पुढच्या रांगेतून म्हणाल्या. "सापडली ना कॅसेट? तोच लावा तुमचा भूलभुलैया. ह्यांची फार इच्छा होती तो पुरा व्हायची."

शैलानं कॅसेट काढून दिली. वर लहानपणीच्या वाकड्यातिकड्या अक्षरात 'निकिता – भूलभुलैया'. निकितानं ती रेकॉर्डरमध्ये घातली. टीव्हीवर अक्षरं उमटली — 'शोधतो आहे…' सगळा हॉल पुढं वाकला. 'शोधतो आहे…' फिरकी फिरत होती आणि पडदा ढिम्म.

"मेली वाटतं," संभाजी पुटपुटला.

"पिन काढून ऐकूया," निकिता म्हणाली, आणि तिनं पिन ओढली.

किंचाळी आली नाही. सनई आली.

पंखे बंद, माईक बंद, रस्त्यावरचासुद्धा आवाज नाही. त्या शांततेत सनई शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेली. मागोमाग गलबला, एक पोर रडतंय, कुणीतरी ओरडतंय, "आरं अंतरपाट नीट धरा की!"

"अगं बया!" शैला किंचाळली. "ह्ये तर माझं लगीन! मामा म्हनत होता बटन दाबलंय, दाबलंय… समद्यांनी येड्यात काढलं त्याला! नवी कॅसेट कोरीच्या कोरी निघाली होती!"

संभाजीनं कपाळावर हात मारला. भूलभुलैया तेव्हा रेकॉर्डरमध्येच राहिला होता, आणि मामानं त्याच्यावरच लग्न भरलं होतं. मग इतकी वर्षं कुणी ती लावून पाहिली नाही, कारण कॉम्प्युटरची कॅसेट लावली की टेप बिघडतो असा आबांचा कायदा.

निकितानं बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात टेपमधला माईक खरखरला.

"अं… मी वैरागडे," एक आवाज म्हणाला. "मी कॅसेट न्यायले आलो होतो. मले काही गाता येत नाही. पण हे सोडत नाहीत. म्हणून एकच म्हणतो, घरी बनवलेलं…"

काकू उभ्या राहिल्या. त्यांचा हात तोंडावर गेला होता.

आवाज भसाडा होता, सूर पहिल्या शब्दालाच सुटला होता, पण सर मनापासून गात होते.

"एकाला दुसरा मिळो घरघरी, कोणी नसो एकटा… कुर्यात् सदा मंगलम्… शुभमंगल सावधान!"

आता काय सांगायचं! मराठी माणसाच्या कानावर 'सावधान' पडलं की त्याचा हात आपोआप उठतो. चौथ्या रांगेतल्या एका निवृत्त साहेबांनी हातातल्या पाकळ्या सवयीनं उधळल्या, मग शेजारच्यानं, मग सगळ्या हॉलनं. श्रद्धांजलीचा झेंडू उडाला आणि पडला टीव्हीवर, सवंगडीवर, निकिताच्या केसांत, संभाजीच्या खांद्यावर. दोघं टेबलामागं शेजारी शेजारी उभी. कुणीतरी हसलं. कुणीतरी डोळे पुसले.

"बुढ्यानं सांगितलं नाही मले कधी!" काकू हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "लग्नात गायला म्हणून सांगितलं नाही! पुन्हा लाव, निकिता. मागं घे. पुन्हा लाव बाई."

निकितानं पुन्हा लावलं. आणि पुन्हा. काकू टेपरेकॉर्डरवर हात ठेवून ऐकत राहिल्या. भाषणं कुणी केलीच नाहीत.

"तुमची खोली गेली," संभाजी हळूच म्हणाला. "पुसली गेली, माझ्यामुळं."

"गेली."

"राग आला?"

"शोधतेय," निकिता म्हणाली. "सापडत नाहीये."

दुपारी सगळे पांगले. काकू रेकॉर्डर उचलून घरी घेऊन गेल्या, शैलाही त्यांच्याबरोबर वर गेली. काकूंच्या खिडकीखाली कायनेटिक उभी होती, आणि संभाजी उकिडवा बसून बॅटरी परत बसवत होता. निकिता बाजूला उभी. केसांत अजून एक पाकळी होती. तिला ठाऊक नव्हतं, त्याला होतं.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"दोन नट आवळले की तुमची गाडी चालू."

"मग आवळा की."

"म्हणूनच हळू आवळतोय."

पाना उगाच फिरत राहिला.

"उद्या शुक्रवार आहे," ती म्हणाली. "काल तुम्ही जा म्हणालात."

"काल मी टेबलाखाली होतो."

"आणि आज?"

तो उठून उभा राहिला. हात ग्रीसनं माखलेले, ते कुठं ठेवावेत त्याला कळेना.

"आज म्हणतो, जाऊ नका. म्हणजे… जावंसं वाटत असेल तर जा, मी थांबेन. दोन वर्षं काय, चौदा वर्षं भ्यालोय, आता सवय झाली. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही मला लई आवडता. मला तुम्ही इथं पाहिजे हाय."

'हाय' सुटलं ते सुटलंच. त्यानं दुरुस्त केलं नाही. कान लाल झाले. आणि या वेळी ते का, हे निकिताला कुणी सांगावं लागलं नाही. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यातला गोंधळ थांबला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "या गाडीला किक आहे. बॅटरी नसली तरी चालू होते."

"मला माहीत होतं."

"मलाही. मघापासून."

तो हसला, या वेळी तोंडानंही. त्यानं हात पुढं केला, ग्रीस बघून मागं घेतला, आणि मग तिनंच तो धरला. वरच्या खिडकीतून खरखर आली, सनई आली, आणि काकूंनी आवाज मोठा केला. "कोणी नसो एकटा…" सरांचा बेसूर आवाज गल्लीत उतरला. समोरच्या दुकानदारानं वर पाहिलं, मग या दोघांकडे पाहिलं आणि शांतपणे शटर ओढून घेतलं. एक वाजून गेला होता.

"उद्या मी नाही म्हणून सांगणार आहे," निकिता म्हणाली. "आणि काळभोर, भूलभुलैयातली पुढची खोली तुमची आहे. चौदा वर्षं पाळी तुमच्यावरच अडलीय."

"आजच बांधायला घेतो. आत यायचं दार कुठल्या बाजूला ठेवू?"

"कुठंही ठेवा. मी येते शोधत," ती म्हणाली. "बाहेर जायचं मात्र ठेवू नका."